मानसिक आजाराचा पेशंट घरी आल्यावर: गोळ्या कशा द्यायच्या, काय बघायचं, कधी धावायचं

डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डात नुसती घाई असते. बिल, केसपेपर, रिक्षा, पेशंटला घरी जायची ओढ, आणि त्या गडबडीत सिस्टर गोळ्यांची पिशवी हातात देऊन सकाळची कुठली रात्रीची कुठली ते सांगते आणि नातेवाईक हो हो करत निघतात. मी सायकियाट्री वॉर्डात सिस्टर आहे, आणि मला मनापासून वाटतं की वॉर्डात गोळ्या देणं त्यामानाने सोपं आहे, तिथे चार्ट असतो, ड्युटी बदलली तरी कुणीतरी बघणारं असतं. खरी जोखीम घरी सुरू होते, आणि ती गोळीपेक्षा गोळीच्या आजूबाजूला जे घडतं त्यातून जास्त येते. उपास, जुलाब, गुडघेदुखीसाठी दुसऱ्याच डॉक्टरने दिलेली गोळी, लग्नकार्य, प्रवास, "आता बरा दिसतोय की, कशाला गोळ्या" म्हणणारे काका. म्हणून हे मुख्यतः घरच्यांसाठी लिहितेय, शेवटाकडे थोडं नवीन लागलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी पण आहे. कुणाला कुठली गोळी आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवणार, त्यात मी पडणार नाही.

आधी एक कागद बनवा

पूर्ण पानाचा कागद घ्या. वर पेशंटचं नाव, वय, वजन, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, बीपी-शुगर-थायरॉईड काय आहे ते लिहा. खाली एकेका गोळीची ओळ: औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नाव, किती एमजी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, कशासाठी, कधीपासून. मूळ नाव म्हणजे स्ट्रिपवर बारीक अक्षरात असतं ते. त्याचा आग्रह यासाठी की सिव्हिलमधून मिळालेल्या स्ट्रिपवर बहुतेक वेळा फक्त मूळ नाव असतं, बाहेरच्या मेडिकलमध्ये तीच गोळी कंपनीच्या नावाने मिळते, मग घरात दोन्ही असल्या की त्या वेगवेगळ्या गोळ्या वाटतात आणि दोन्ही दिल्या जातात, आणि पेशंट दिवसभर उठत नाही म्हणून सगळे घाबरतात. प्रत्यक्षात ओलान्झापाइनचा डबल डोस गेलेला असतो.

नावं पण एकमेकांसारखी आहेत. क्लोझापाइन, क्लोनाझेपाम, ओलान्झापाइन ही तिन्ही औषधं वेगळी (पहिलं आणि तिसरं भास-भ्रमावरचं, मधलं झोपेचं-चिंतेचं), पण घाईत ऐकली की सारखीच वाटतात. क्लोनाझेपामच्या ०.२५, ०.५, १ आणि २ अशा गोळ्या येतात, त्यामुळे "क्लोनाझेपामची अर्धी" असं फोनवर कुणी म्हणालं तर अर्धी म्हणजे ०.५ ची पूर्ण गोळी की २ ची अर्धी, हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. नवीन स्ट्रिप आणली की मेडिकलच्या काउंटरवरच कागदाशी जुळवून बघा, रंग बदलला असेल, आकार बदलला असेल तर तिथेच विचारा. घरी येऊन विचार करत बसायचं नाही.

अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच्या जुन्या गोळ्या घरात पडलेल्या असतातच, त्या पहिल्याच दिवशी बाजूला काढा. "परत लागतील" म्हणून डब्यात ठेवू नका. ओपीडीला जाताना घेऊन जा, बंद झालेल्या गोळ्यांचं काय करायचं ते तिथे सांगतील. कागदाचा फोटो काढून घरातल्या दोन-तीन जणांच्या मोबाईलमध्ये ठेवा. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत उभं राहायची वेळ आली तर तो फोटो तुमच्या आठवणीपेक्षा जास्त कामाचा असतो.

गोळ्या कुणाच्या ताब्यात

एकाच माणसाच्या. आई सकाळची देते, भाऊ रात्रीची देतो आणि वहिनी मधेच आठवण करते असं असलं की एक दिवस दोनदा जाते, एक दिवस जातच नाही. एकाने द्यायची आणि दिली की कागदावर टिक करायची, तो बाहेरगावी जाणार असेल तर दुसऱ्याला समोर बसवून सगळं समजावून जायचं.

कुलूप लावायचं का? पहिले काही महिने हो. हॉस्पिटलमधून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे असतात हे जगभर दिसलेलं आहे, आणि यातल्या काही गोळ्या जास्त प्रमाणात पोटात गेल्या तर जीवावर बेततं. त्यामुळे डॉक्टरांना सरळ सांगा की आम्हाला सात किंवा पंधरा दिवसांच्याच गोळ्या लिहून द्या, महिन्याभराच्या नकोत. चक्कर जास्त पडेल पण पडू दे. गावाकडे शेती असेल तर फवारणीचं औषध घराबाहेर, कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याच्याच घरी ठेवता आली तर फारच चांगलं. हे बोलायला जड जातं पण बोलावं लागतं.

आणि पेशंटला विचारा. "जगावंसं वाटत नाही असं काही मनात येतं का?" असं थेट विचारल्याने डोक्यात तो विचार भरत नाही, उलट बहुतेकांना मोकळं वाटतं. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रात्री-अपरात्री कुणी मिळत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. काही खाल्लं-प्यायलं असा नुसता संशय जरी असला तर १०८ ला फोन करा, मीठपाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका, आणि रिकाम्या स्ट्रिपा सोबत न्या.

हल्ली सात कप्प्यांचा डबा मिळतो तो चांगला आहे, रविवारी भरून ठेवला की आठवडा दिसतो. पण सोडियम व्हॅलप्रोएट (मूड स्थिर ठेवायचं आणि फिटचं औषध) हवेतली ओल धरतं, कोकणात पावसाळ्यात तर फारच, म्हणून ती गोळी स्ट्रिपमधून काढून ठेवू नका, कात्रीने कापून तुकड्यासकट कप्प्यात टाका. कापताना तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राहील असं बघा.

गोळी खरंच गिळली का

गालात किंवा जिभेखाली गोळी धरून ठेवणं आणि नंतर बेसिनमध्ये किंवा गादीखाली टाकणं हे आम्ही वॉर्डात रोज बघतो. उपाय साधा आहे, पूर्ण ग्लास पाण्याबरोबर गोळी द्या, समोर बसा, पाच-दहा मिनिटं काहीतरी बोला, त्यांना बोलायला लावा. तोंड उघडून दाखव असं दरडावायची गरज सहसा पडत नाही, बोलताना कळतं. आणि सापडली गोळी गादीखाली तर भांडण करू नका, विचारा की ही का नको वाटते. नव्वद टक्के भांडणं या एका प्रश्नाने थांबतील असं माझं मत आहे, कारण उत्तर बहुतेक वेळा खरं असतं: वजन वाढलंय, दिवसभर झोप येते, तोंडातून लाळ गळते, लैंगिक इच्छाच राहिली नाही आणि ते बायकोला सांगता येत नाही. या सगळ्यावर डॉक्टरकडे काही ना काही उपाय असतो. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते, तोंडात विरघळणारी गोळी मिळते, किंवा दोन ते चार आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं. रोज आठवण ठेवणं ज्यांना नकोसं होतं त्यांना ते इंजेक्शन आवडतं सुद्धा.

ज्या गोळीच्या नावापुढे सीआर, एसआर, ईआर, एक्सआर असं काही आहे ती कुटायची नाही, पुडी करायची नाही, चावायची नाही. तिच्यातलं औषध दिवसभर हळूहळू सुटायला हवं असतं, कुटली की सगळं एकदम अंगात जातं. गिळायला त्रास होत असेल तर तसं सांगा, पातळ औषध मिळतं का बघता येतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. चोरून, आमटीत किंवा चहात मिसळून देणं. मला माहितीये की अगदी हताश झालेली माणसं हे करतात आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही, पण करू नका. एक तर डोस नीट जात नाही, आमटी अर्धी ठेवली की अर्धाच डोस. दुसरं, ज्याला आधीच वाटतंय की घरचे माझ्या जेवणात काहीतरी घालतात, त्याला एक दिवस ते खरंच सापडतं, आणि मग तो घरचं जेवणच सोडतो. ऐकतच नसेल तर डॉक्टरांना जाऊन तसं सांगा, कायद्यात त्यासाठी अ‍ॅडमिशनचे रीतसर मार्ग आहेत.

आणि डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायची गोळी, ही तर कधीही, कुठल्याही परिस्थितीत न सांगता द्यायची नाही. ही गोळी अंगात असताना माणूस दारू प्यायला तर चेहरा लाल होतो, धडधड, उलट्या, बीपी खाली, काहींचा जीव जातो. ज्याला माहीतच नाही तो पिणारच ना. "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतींवर दिसतात, त्या पुडीत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं, त्यांच्या नादी लागू नका.

डोस चुकला तर

लवकर लक्षात आलं तर द्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. हा साधा नियम झाला, पण दोन औषधं वेगळी आहेत. क्लोझापाइन सलग दोन दिवस, म्हणजे ४८ तास, बंद राहिलं तर परत जुन्या डोसवर उडी मारायची नाही, डॉक्टर परत अगदी थोड्यापासून चढवत नेतात, नाहीतर बीपी एकदम पडतं, फिट येऊ शकते. लॅमोट्रिजिनचं (ही पण मूड स्थिर ठेवायची गोळी) पण तसंच, पाच-सहा दिवस राहिली तर विचारल्याशिवाय सुरू करू नका, कारण मोठ्या डोसने एकदम सुरू केली तर अंगावर घातक पुरळ उठायचा धोका वाढतो.

लिथियम: याबद्दल सविस्तरच सांगते

बायपोलर आजारात, म्हणजे कधी अति उत्साह आणि कधी खोल उदासी येते त्यात, लिथियमसारखं औषध नाही असं अजूनही म्हणतात. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी ते या आजारासाठी वापरलं, तेव्हापासून कितीतरी नवीन गोळ्या आल्या तरी हे टिकून आहे, आत्महत्येचं प्रमाण कमी करतं हे त्याचं फार मोठं काम. पण फायद्याचा डोस आणि विषारी डोस यांच्यातलं अंतर फार थोडं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या मधे ठेवतात आणि १.५ च्या वर गेली की विषबाधेची लक्षणं दिसायला लागतात, काही म्हाताऱ्या माणसांना त्याच्या आधीच.

कसं होतं ते समजून घ्या म्हणजे बाकी सगळं आपोआप लक्षात राहील. लिथियम हा एक क्षार आहे आणि किडनी त्याला जवळजवळ मिठासारखंच वागवते. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवायला लागते आणि त्याच्याबरोबर लिथियम पण धरून ठेवते. गोळी तेवढीच, वेळ तीच, पण रक्तातली पातळी चढत जाते.

आता आपल्याकडे पाणी-मीठ कधी कमी होतं बघा. निर्जळी एकादशी, नवरात्रात नऊ दिवस फक्त पाण्यावर, रमजानचे रोजे, वारीत उन्हातून चालणं, विदर्भातला मे महिना, जुलाब-उलट्या, ताप. साबुदाणा खिचडी आणि ताक-पाणी घेऊन केलेला उपास एवढा त्रासदायक नसतो, अडचण पाणी आणि मीठ तोडणाऱ्या उपासाची. श्रद्धेचा प्रश्न आहे, म्हणून मी कुणाला उपास करू नका असं एका वाक्यात सांगून मोकळी होत नाही, पण आधी डॉक्टरांशी बोला, दोन-तीन आठवडे आधी, आदल्या रात्री नाही. बऱ्याच पेशंटच्या सासूबाई, आजी हे समजून घेतात, एकदा डॉक्टरांनी स्वतः सांगितलं की मग काही राहत नाही. आणि बीपी वाढलं म्हणून कुणी मीठ एकदम बंद करायला सांगितलं तर तेही आधी लिथियम देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला. रोज साधारण सारखं मीठ, भरपूर पाणी, एवढंच लागतं.

दुसरा मोठा घोटाळा दुखण्याच्या गोळ्यांचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, या सगळ्या लिथियम वाढवतात. कॉम्बिफ्लाममध्ये पण आयबुप्रोफेन आहे, आणि ती आपल्याकडे गोळ्या-बिस्किटांसारखी घरात असते. पाळीत पोट दुखलं, दाढ काढली, कंबर धरली, की मेडिकलवाला पहिली हीच देतो. डोकेदुखी-तापाला साधी पॅरासिटामॉल चालते, बाकी विचारून. बीपीच्या गोळ्यांमध्ये टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल आणि लघवी वाढवणाऱ्या, हायड्रोक्लोरोथायझाइड-क्लोर्थालिडोन असलेल्या गोळ्या लिथियम चढवतात. म्हणून बीपीच्या डॉक्टरांना, दाताच्या डॉक्टरांना, हाडाच्या डॉक्टरांना, सगळ्यांना तो कागद दाखवायचा. "मानसिक गोळ्यांचं कशाला सांगायचं" असं म्हणून लपवतात लोक, आणि नेमकं तिथेच चुकतं.

हाताची हलकी थरथर लिथियमवर बऱ्याच जणांना असते, तिला घाबरू नका. पण हात एवढा हलायला लागला की कपातला चहा सांडतोय, चालताना झोकांड्या जातायत, जीभ जड, बोलणं बरळल्यासारखं, उलट्या-जुलाब, गुंगी, काय बोलतोय ते त्यालाच कळत नाही, यातलं काही दिसलं तर पुढचा डोस देऊ नका आणि थेट कॅज्युअल्टीला न्या, गेल्या गेल्या सांगा की लिथियम चालू आहे, पातळी बघा. काही वेळा लोकांना वाटतं दारू प्यायलाय. नुसता ताप किंवा दोन-तीन जुलाब एवढंच असेल तरी पुढचा डोस द्यायच्या आधी फोन करा आणि ओआरएस चालू करा. पातळीशिवाय थायरॉईड, किडनी आणि कॅल्शियम यांच्या तपासण्या पण दर काही महिन्यांनी लागतात, ते चालढकल करायचं काम नाही.

क्लोझापाइन

बाकी गोळ्यांनी फरक पडत नाही तेव्हा हे देतात, आणि कित्येक घरं या औषधाने परत उभी राहिलेली मी बघितलीत. पण यात पांढऱ्या पेशी कमी व्हायचा धोका असतो, क्वचित, पण असतो. म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त, नंतर डॉक्टर सांगतील तसं. रक्त नाही तर गोळी नाही, इतकं सरळ ठेवा. ताप, घसा दुखणं, तोंडात फोड आले तर "व्हायरल असेल" म्हणून बसू नका, त्याच दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) करा. सुरुवातीच्या आठवड्यांत छातीत दुखणं, धाप, विनाकारण धडधड असेल तरी लगेच दाखवा.

आणि एक गोष्ट जी लोकांना क्षुल्लक वाटते, संडासला साफ न होणं. क्लोझापाइनमध्ये आतडी इतकी सुस्त होऊ शकतात की आतडं बंद पडून माणूस दगावतो. रोज विचारा, लाज बाळगू नका, दोन दिवस झालं नाही तर फोन. पोट फुगलंय, दुखतंय, उलट्या होतायत, मग थांबायचंच नाही.

सिगरेट-बिडीचा धूर लिव्हरला हे औषध लवकर संपवायला लावतो. ओलान्झापाइनचं पण थोडंफार तसंच. वॉर्डात बिडी बंद होती तेव्हा ठरवलेला डोस घरी येऊन बिडी सुरू झाली की कमी पडतो, आणि उलट, घरी असताना एकदम बिडी सोडली तर तोच डोस जास्त होतो. सोडायलाच हवी, पण डॉक्टरांना सांगून. तंबाखू मळणाऱ्यांमध्ये किंवा मिश्रीने हा फरक पडत नाही, कारण तो धुराचा परिणाम आहे.

मान वाकडी झाली, डोळे वर गेले

हॅलोपेरिडॉल किंवा तशा भास-भ्रमावरच्या औषधांनंतर पहिल्या काही दिवसांत, तरुण मुलांमध्ये जास्त, मान एका बाजूला वळून अडकते, डोळे वर जातात, जीभ बाहेर येते, जबडा लॉक होतो. बघायला फार भयंकर दिसतं आणि घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा, अंगात आलं, आणि भगताकडे पळतात. हा औषधाचा परिणाम आहे, जवळच्या दवाखान्यात प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की बहुतेक वेळा अर्ध्या तासात माणूस सरळ होतो. घशात आवळतंय, श्वास अडकतोय असं असेल तर मात्र मिनिटभर पण थांबू नका.

एका जागी बसवत नाही, सारखा येरझाऱ्या घालतो, पाय हलवत राहतो, हे पण औषधामुळे होऊ शकतं. घरचे म्हणतात आजार वाढला, डोस वाढवून मागतात, आणि त्याने अजून वाढतं. डॉक्टरांना "चिडचिड करतो" असं न सांगता "बसवत नाही म्हणतो, पाय थांबत नाहीत" असं नेमकं सांगा.

खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ, घाम, आणि शुद्ध हरपल्यासारखं वागणं, हे चार एकत्र दिसले तर गोळ्या थांबवून लगेच मोठ्या हॉस्पिटलला. हे दुर्मिळ आहे पण जीवघेणं आहे, आणि साध्या दवाखान्यात मलेरिया-डेंग्यू समजून दोन दिवस जाऊ शकतात, म्हणून कुठल्या गोळ्या चालू आहेत हे तुम्हीच ओरडून सांगायचं.

बाकीचं थोडक्यात

व्हॅलप्रोएट चालू असलेल्या मुलीचं लग्न ठरत असेल किंवा बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टर. गरोदरपणात हे औषध चालू राहिलं तर साधारण १० पैकी १ बाळात जन्मजात दोष आणि १० पैकी ३-४ मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी दिसतात. पण म्हणून स्वतःहून बंद करू नका, बदलायला वेळ द्यावा लागतो.

डिप्रेशनच्या गोळ्यांनी, म्हणजे एस्सिटालोप्रॅम-सर्ट्रालिन वगैरे, फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही म्हणून सोडतात लोक. तरुण मुलांवर सुरुवातीला जास्त लक्ष ठेवा, बेचैनी वाढू शकते. ट्रॅमाडॉल असलेली दुखण्याची गोळी याच्याबरोबर विचारल्याशिवाय नको. लॅमोट्रिजिन किंवा कार्बामाझेपिन सुरू केल्यावर अंगावर पुरळ, तोंडात-डोळ्यात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवायचं.

झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, या महिनोन् महिने घेऊन एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते. आजी-आजोबांना रात्री लघवीला उठताना पडायची भीती, दिवा चालू ठेवा. दारूबरोबर अजिबात नाही, श्वास मंदावतो.

"आता बरं वाटतंय, बंद करू का?"

हा प्रश्न येणारच, आणि पेशंटपेक्षा नातेवाईक जास्त विचारतात. डिप्रेशनचा पहिला झटका असेल तर पूर्ण बरं वाटल्यावर साधारण सहा ते नऊ महिने, सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रमाचा, पहिला असेल तर निदान एक-दोन वर्षं, असं ढोबळमानाने सांगतात, परत परत होत असेल तर आणखी जास्त. आणि बंद करायचं ते हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते लग्न झालेल्या मुलींचं. सासरी सांगितलेलं नसतं, गोळ्या पर्समध्ये लपवून बाथरूममध्ये घ्यायच्या, मग एक दिवस सापडतील या भीतीने बंद, आणि दोन-तीन महिन्यांत ती परत वॉर्डात. आईवडिलांना हात जोडून सांगते, निदान नवऱ्याला तरी लग्नाआधी माहीत असू दे, डॉक्टरांसमोर बसून सांगा, प्रश्न विचारू द्या. शुगरच्या गोळ्या उघडपणे टेबलावर असतात, या का नाही?

आणि चिडला म्हणून खोलीत कोंडायचं, साखळीने बांधायचं नाही. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांना ठेवायच्या एका आश्रमाला आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ पेशंट बाहेरच पडू शकले नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधायला बंदी आहे. अंगावर धावून येत असेल तर मुलांना आणि म्हाताऱ्यांना दूर करा, दार मोकळं ठेवा, एकाच माणसाने हळू आवाजात बोला, आणि १०८ ला फोन करा.

नवीन सिस्टर-ब्रदरसाठी

"तुम्ही पाटील ना?" असं विचारून गोळी देऊ नका, गुंगीतला पेशंट कशालाही हो म्हणतो. नाव त्यांना सांगायला लावा आणि बँड किंवा केसपेपर नंबर बघा. फोनवर ऑर्डर घेतली तर परत वाचून दाखवा. फ्लूफेनाझिन आणि हॅलोपेरिडॉलची लांब टिकणारी इंजेक्शनं तिळाच्या तेलात असतात, कोरड्या सुईने, खोल स्नायूत, कातडी बाजूला सरकवून द्या आणि नंतर चोळू नका. ओलान्झापाइनचं इंजेक्शन आणि लोराझेपामचं इंजेक्शन एकत्र देऊ नका, बीपी आणि श्वास दोन्ही खाली जातात. शांत करायचं इंजेक्शन दिल्यावर पेशंट झोपला म्हणजे काम झालं असं नसतं, श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन सारखं बघत राहावं लागतं, आणि पहिल्यांदा उठवताना आधी बसवा, मग उभं करा. आणि काय देताय ते पेशंटला सांगा. भ्रमात असला तरी सांगा, त्याला ऐकू येतं आणि नंतर आठवतं.

औषधाचा दुष्परिणाम दिसला तर फॉर्म भरा. १८००-१८०-३०२४ हा त्यासाठीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे, नातेवाईक पण तिथे कळवू शकतात.

ओपीडीच्या दिवशी

तो कागद, टिक केलेली पानं, उरलेल्या सगळ्या गोळ्या आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं असोत, गोव्यात बांबोळी असो की तुमचं जिल्ह्याचं सिव्हिल, गर्दी असतेच आणि डॉक्टरांकडे मिनिटं थोडी असतात, म्हणून विचारायचे तीन प्रश्न आधी लिहून न्या. झोप किती, जेवण कसं, संडास, वजन, कामाला गेला का, एवढं सांगितलं तरी डॉक्टरांना खूप कळतं. पेशंटला थोडा वेळ एकट्याने डॉक्टरांशी बोलू द्या. मेडिक्लेम असेल तर मानसिक आजाराला पण इतर आजारांसारखंच कव्हर द्यावं असं त्याच २०१७ च्या कायद्यात आहे, कंपनीने नाही म्हटलं तर लेखी मागा.

लिथियमची पातळी करायची असेल तर शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं असतं, नाहीतर आकडा चुकीचा येतो आणि त्यावरून डोस पण चुकीचा बदलला जातो. रात्री नऊला दिली असेल तर सकाळी नऊला रक्त. सकाळची गोळी घरी देऊ नका, डबीत घालून सोबत न्या, रक्त दिलं की तिथेच काहीतरी खायला घालून द्या आणि किती वाजता दिली ते कागदावर लिहा.